गावाच्या लागवडीसाठी फुकट आणि स्वस्त रोपे: तालुक्याच्या सरकारी रोपवाटिकेचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ई-क्लास जमिनीचा, म्हणजे सरकारी गायरानाचा, एक मोठा तुकडा, शाळेचे आवार, स्मशानभूमीचा रस्ता आणि दोन पांदण रस्ते यांच्या कडेने गेली काही वर्षे ग्रामपंचायत, शाळा आणि महिला बचत गट मिळून झाडे लावत आहेत. रोपांसाठी गावाकडे वेगळा निधी कधीच नव्हता, त्यामुळे जिथे रोप फुकट किंवा नाममात्र दरात मिळू शकते अशा सगळ्या ठिकाणी आम्ही चौकशी केली. आमची बहुतेक रोपे ज्या सरकारी रोपवाटिकेतून आली तिचे हे परीक्षण आहे, आणि तिच्यात जे मिळाले नाही ते आम्ही कोठून मिळवले हेही त्यात ओघाने येईल. माझे मत आधीच नोंदवतो. रोपांचा दर्जा चांगला आहे, दर गावाला परवडणारा आहे, कामगार जाणकार आहेत. परंतु हवी ती जात हवी असेल तर मागणी हिवाळ्यातच नोंदवावी लागते, कारण जुलैत रिकाम्या हाताने जाणाऱ्याला उरलेलेच रोप घेऊन यावे लागते.

रोपवाटिका नाल्याच्या काठी आहे. विहीर आहे, पंप आहे, आणि हिरव्या जाळीखाली पिशव्यांचे वाफे ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येक वाफ्यासमोर पत्र्याची एक पाटी असून तिच्यावर झाडाचे नाव, पिशव्यांची संख्या आणि पिशव्या भरल्याचा महिना लिहिलेला असतो. गेल्याबरोबर ही पाटी वाचावी, कारण रोपाचे वय तिथेच कळते. मागच्या हिवाळ्यात भरलेल्या पिशवीतले रोप पावसाळ्याच्या तोंडावर जेमतेम गुडघ्याला लागते, तर त्याच्या आदल्या वर्षीचे रोप कमरेच्या वर गेलेले असते. शाळेच्या कुंपणात लहान रोप चालते. ई-क्लासवर मात्र गवत आणि शेळ्या दोन्ही रोपापेक्षा वेगवान असतात, तेव्हा तिथे मोठेच रोप न्यावे; त्याचा दर जास्त असतो आणि ट्रॉलीत ती कमी मावतात, तरीही हा जास्तीचा खर्च वसूल होतो असा आमचा अनुभव आहे.

या रोपवाटिकेतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिथे रोजंदारीवर काम करणाऱ्या बायका. पहिल्या भेटीत मी उंच रोपांच्या वाफ्याकडे वळलो तेव्हा त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ मावशींनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "उंची नका पाहू भाऊ, बूड पाहा." त्यांनी करंजाची एक पिशवी उचलून आडवी धरली. तळाच्या छिद्रातून पांढऱ्या मुळांची फक्त टोके दिसत होती, आणि जिथे जाड मूळ पूर्वी बाहेर आले होते तिथे ते छाटल्याची तपकिरी खूण होती. नंतर त्यांनी शेजारच्या वाफ्यातली, त्याहून हातभर उंच असलेली पिशवी ओढली, तर तिचे मूळ जमिनीत घुसलेले असल्यामुळे ते कटकन तुटले. पहिल्या वाफ्यातली रोपे ठरावीक काळाने एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलेली होती आणि दुसऱ्या वाफ्यातली राहून गेली होती. पिशवी एकाच जागी महिनोन्महिने राहिली की सोटमूळ तळ फोडून जमिनीत जाते, रोप त्या जमिनीवर पोसून झपाट्याने वाढते, आणि उचलताना मूळ तुटले की रोपवाटिकेत हिरवेगार दिसणारे तेच रोप खड्ड्यात आठ दिवसांत मान टाकते. याउलट, फार जुन्या पिशवीत मुळांनी तळाशी वेटोळे घातलेले असेल तर झाड लागते, पण काही वर्षांनी वाऱ्यात उन्मळते. म्हणून आम्ही बुंध्याशी पेन्सिलीएवढे जाड, पिशवीच्या मानाने बेताचे उंच, आणि पिशवी दाबली असता मातीचा गड्डा घट्ट लागेल असेच रोप निवडतो. तिथल्या बायका हे निवडू देतात, घाई करत नाहीत, आणि खराब पिशवी आपणहून बाजूला ठेवतात.

दराबाबत कोणतीही अडचण आली नाही. दर शासन ठरवते आणि तो फलकावर लिहिलेला असतो, शिवाय पावसाळ्यात वनमहोत्सवाच्या निमित्ताने सवलतीचा दर लागू होतो. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केलेला हा उत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि विदर्भातील लागवडीचा योग्य काळही त्याच सुमारास सुरू होतो. खासगी शेतकऱ्याला लहान रोपासाठी सवलतीच्या काळात जे पैसे द्यावे लागले ते रस्त्याकडेच्या खासगी रोपवाटिकेच्या तुलनेत फारच थोडे होते. ग्रामपंचायतीला सार्वजनिक जागेसाठी रोपे विनामूल्य मिळाली, मात्र त्यासाठी कागद पूर्ण असावे लागले: ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायतीच्या पत्रावर मागणी अर्ज, जागेचा गट क्रमांक, आणि किती खड्डे खोदून तयार आहेत याचा उल्लेख. शाळेसाठी मुख्याध्यापकांचे पत्र पुरले.

ज्यांना हा मार्ग नवा आहे त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी सामाजिक वनीकरणाचे आणि वन विभागाचे परिक्षेत्र कार्यालय शोधावे आणि दोन्हीकडे चौकशी करावी, कारण दोघांच्या रोपवाटिका वेगळ्या असतात आणि एकीकडे न मिळालेली जात दुसरीकडे मिळू शकते. महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे काम १९८२ पासून चालू आहे, आणि वनाबाहेरची जमीन, म्हणजे रस्त्यांच्या कडा, गायराने, शाळा आणि शेतांचे धुरे (बांध), हाच त्याचा विषय असल्यामुळे गावाच्या मागणीसाठी तेच कार्यालय अधिक जवळचे आहे. शेतकरी कुटुंबात मुलगी जन्माला आली असेल तर कन्या वन समृद्धी योजनेची चौकशी अवश्य करावी. त्या योजनेत सागाची ५, आंब्याची २ आणि फणस, जांभूळ व चिंचेचे प्रत्येकी १ अशी १० रोपे विनामूल्य देण्याची तरतूद आहे, आणि धुऱ्यावर लावण्यासाठी ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे.

आता उणिवांकडे वळतो. पहिली उणीव जातींची आहे. जून संपता संपता आम्ही चिंच, उंबर, बेहडा आणि मोह यांची यादी घेऊन गेलो, तेव्हा वाफ्यांत गुलमोहर, करंज, कडुनिंब, साग आणि थोडे सीताफळ एवढेच शिल्लक होते. करंज आणि कडुनिंब आम्ही आनंदाने घेतले, कारण त्यांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत आणि मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन ते सोसतात. गुलमोहर मात्र नाकारला. तो दिसायला सुंदर असला तरी या मातीतला नाही, त्याचे लाकूड ठिसूळ असते, आणि स्मशानाच्या वाटेवर माणसांना वर्षभर सावली हवी असताना तो उन्हाळा चढू लागला की पाने झाडून उभा राहतो. सर्वच रोपवाटिकांमध्ये याच जाती पुन्हा पुन्हा का दिसतात याचे कारण बियांत आहे. ज्यांचे बी भरपूर मिळते, टिकते आणि सहज उगवते ती रोपे लाखांनी तयार होतात, तर मोहाचे बी झाडावरून पडल्यावर काही आठवड्यांतच निकामी होते आणि चारोळीचे कठीण कवच फुटायला वेळ घेते. जंगलाला लागून असलेल्या आमच्या भागात लोकांना जी झाडे सर्वांत जास्त हवी असतात तीच झाडे त्यामुळे वाफ्यावर सर्वांत कमी असतात.

दुसरी उणीव व्यवस्थेची. रोपे देण्याची चिठ्ठी ज्या कार्यालयातून मिळते ते कार्यालय आणि रोपवाटिका यांच्यात बरेच अंतर आहे, आणि सही करणारे अधिकारी दौऱ्यावर असले की भाड्याची ट्रॉली दिवसभर उभी राहते. ज्या गावाला रोप फुकट मिळते त्याला त्या दिवशीच्या भाड्यात रोपांची किंमत मोजावी लागते. आम्ही आता चिठ्ठी आदल्या दिवशी हातात घेतल्याशिवाय गाडी ठरवत नाही.

तिसरी गोष्ट कोणा एका रोपवाटिकेची नसून मोहिमांची आहे. राज्यात २०१६ साली १ जुलैला २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि २०२४ पासून 'एक पेड माँ के नाम' ही मोहीम सुरू आहे. अशा मोहिमांमुळे रोपे मिळणे सोपे होते यात शंका नाही, पण प्रत्येक शाळा, प्रत्येक कार्यालय आणि प्रत्येक ग्रामपंचायत एकाच आठवड्यात रोपवाटिकेच्या दारात उभी राहते. त्या गर्दीत निवड करायला वाव राहत नाही. रोपवाटिकेचे वर्ष पावसाळ्यानंतर, पिशव्या भरण्यापासून सुरू होते, हे लक्षात घेऊन २ ऑक्टोबरच्या किंवा फार तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि जातींची यादी लेखी द्यावी. आम्ही असे केले त्या वर्षी चिंच आणि जांभूळ आमच्या नावाने बाजूला ठेवलेले मिळाले.

फुकट रोपांचा आणखी एक प्रवाह हल्ली खेड्यापाड्यांत येतो, तो म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी. आमच्याकडे एका कंपनीने ऑगस्टच्या मध्यावर ट्रकभर रोपे पाठवली: माणसाएवढी उंच सप्तपर्णी, पाम आणि कोनोकार्पस, लहानशा पिशव्यांमध्ये, मऊ लाल मातीत वाढवलेली. शेजारच्या राज्यातून आलेली ही रोपे दिसायला देखणी होती आणि फलकासह छायाचित्रेही निघाली. पण आमची जमीन काळी कपाशीची आहे. पावसात ती फुगते, दिवाळीनंतर आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लाल मातीचा गड्डा काळ्या मातीशी एकजीव झाला नाही, दोन्हींच्या मध्ये फट पडली, आणि मुळे गड्ड्यातच घुटमळून वाळली. होळीपर्यंत त्यांतली फार थोडी उरली. मला त्या कंपनीच्या हेतूबद्दल शंका नाही, पण देणगी चुकीच्या गोष्टीची होती असे मी स्पष्टपणे म्हणेन. विदर्भात रोप ही लागवडीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. महाग असते ते कुंपण, आणि त्याहून महाग असते मार्च ते जूनमधले पाणी. कोणी देणगीदार गावाच्या दारात आला तर त्याच्याकडे रोपे मागू नयेत; पहिल्या तीन उन्हाळ्यांचे टँकर मागावेत, तारेचे कुंपण मागावे, किंवा गावातल्याच एखाद्या भूमिहीन माणसाला राखणदार म्हणून मजुरी मागावी. रोजगार हमीतला ज्याला आपण बिहार पॅटर्न म्हणतो, तो याच विचारावर उभा आहे: ठरावीक झाडे ठरावीक कुटुंबांकडे, आणि त्यांना संगोपनाची मजुरी. आमच्या पांदण रस्त्याच्या ज्या भागाला अशी राखण मिळाली तिथली झाडे आज सावली देतात.

फळझाडांबद्दल थोडक्यात. कलमे हवी असतील तर कृषी विभागाच्या फळरोपवाटिका आणि १९६९ साली स्थापन झालेले अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे भरवशाचे मार्ग आहेत, कारण मातृवृक्ष माहीत असतो. संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. ही रोपे फुकट नसतात, आणि सार्वजनिक जागेवर कलमी आंबा लावणे मला योग्यही वाटत नाही. शाळेच्या कुंपणात किंवा अंगणवाडीजवळ, जिथे रोज कोणाची तरी नजर असते, तिथेच त्याचा उपयोग आहे. गायरानावर बियांपासून वाढलेला गावरान आंबा लावावा. तो फळाला उशिरा येतो, पण त्याचे सोटमूळ खोल जाते.

सरकारी वाफ्यावर जे मिळाले नाही ते आम्ही बचत गटाच्या रोपवाटिकेत तयार केले, आणि खर्चाच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत स्वस्त ठरला. जागा एका मोठ्या कडुनिंबाखाली, गावाच्या हातपंपाशेजारी घेतली. पिशव्या म्हणून धुतलेल्या दुधाच्या पिशव्या वापरल्या आणि त्यांना तळाशी छिद्रे पाडली. नुसती काळी माती पिशवीत विटेसारखी घट्ट होते, म्हणून दोन भाग माती, एक भाग नाल्याची वाळू आणि एक भाग कुजलेले खत असे मिश्रण घेतले. खत नाडेप टाक्यातले होते. ही पद्धत आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका यांनी दिली, आणि तीत थोड्या शेणात भरपूर काडीकचरा सुमारे चार महिन्यांत कुजून उत्तम खत होते, त्यामुळे शेणाची टंचाई असलेल्या घरांनाही ती परवडते.

बियांचे वेळापत्रक ज्याने सांभाळले त्याला रोप विकत घ्यावे लागत नाही. चिंच उन्हाळ्याच्या सुरुवातीला फोडली जाते तेव्हा चिंचोके घरोघरी फुकट मिळतात. ते एक दिवस पाण्यात भिजवून लावले की उगवतात. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा कराव्यात. बाभळीचे बी उकळते पाणी ओतून रात्रभर त्यातच ठेवावे, किंवा शेळ्यांच्या गोठ्यातून वेचावे, कारण शेळीच्या पोटातून आलेले बी लवकर रुजते. कडुनिंब, जांभूळ आणि मोह यांना मात्र थांबता येत नाही. जून-जुलैत फळ पडले की गर काढून, बी सावलीत ठेवून, त्याच आठवड्यात पिशवीत गेले पाहिजे. डब्यात साठवलेल्या बियांतून पुढच्या वर्षी काहीही उगवत नाही. जांभळाच्या एका बीतून कित्येकदा दोन-तीन अंकुर येतात, त्यांतला जोमदार ठेवून बाकीचे दुसऱ्या पिशवीत हलवता येतात. आमच्या गटाने मोहाची जी रोपे केली ती सारी अशीच ताज्या बियांची आहेत, आणि ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखण्यासाठी मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागले, एवढाच काय तो खर्च.

वड, पिंपळ आणि उंबर यांसाठी तर बीही लागत नाही. जुन्या विहिरीच्या बांधकामात आणि पडक्या भिंतींत पक्ष्यांनी रुजवलेली रोपे पावसाची झड लागली असताना, दगडातली मुळे सैल झालेली असतात तेव्हा, अलगद काढून महिनाभर सावलीत पिशवीत ठेवावीत. वडाची मनगटाएवढी जाड आणि पुरुषभर उंच फांदी पहिल्या पावसानंतर खोल रोवली तर ती लागते, आणि तिचे धुमारे शेळीच्या तोंडाच्या वर फुटत असल्याने काट्यांचे कुंपणही हलके पुरते.

रोपे आणण्याबाबत दोन सूचना. आदल्या संध्याकाळी रोपवाटिकेत पाणी घालायला सांगावे, म्हणजे गड्डा फुटत नाही, आणि पिशव्या एकमेकींवर न रचता उभ्या ठेवून वर ओले पोते किंवा जाळी टाकावी. उघड्या ट्रॉलीत दुपारच्या वाऱ्याने तासाभरात पाने करपतात. गावात आणल्यावर लगेच खड्ड्यात घालू नयेत. दोन दमदार पाऊस होऊन जमीन वीतभर खाली ओली होईपर्यंत ती टाकीजवळच्या सावलीत राहिलेली बरी. खड्डे मात्र त्याआधीच, एप्रिल-मे महिन्यात, दीड ते दोन फुटांचे खोदून उन्हात तापू द्यावेत, कारण रोपवाटिकेतही पहिला प्रश्न हाच विचारला जातो आणि ज्याचे खड्डे तयार आहेत त्याला रोपे आधी मिळतात.

या हिवाळ्यात एक नवी गोष्ट ठरली आहे. रोपवाटिकेतल्या मावशींनीच सुचवले की बी तुम्ही आणून द्या, पिशव्या आमच्याकडे भरू. कार्यालयानेही त्याला होकार दिला. त्याप्रमाणे बचत गटाने बेहडा आणि हिरड्याची फळे वेचून, वाळवून पोत्यात भरली आहेत, चिंचोके उन्हाळा लागताच पोहोचतील, आणि तयार होणाऱ्या रोपांतला काही भाग आमच्या गावासाठी राखून उरलेली रोपे तालुक्यातील इतर ग्रामपंचायतींना मिळणार आहेत. मोहाचे बी याला अपवाद आहे. ते आमच्याच पिशव्यांत जाईल, कारण फळे पडण्याचा आणि रोपवाटिकेतल्या गर्दीचा आठवडा एकच असतो.